रक्तवाहिनीच्या भिंतींतील पाणकर

आपला गोंदिया जिल्हा तळ्यांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. नवेगावबांधचें विस्तीर्ण तळें तुमच्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. तें कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविलें असें परंपरेनें सांगतात. ज्यांच्या घरची शेती अशा एखाद्या तळ्याखालीं आहे, त्यांस पाणकर म्हणजे कोण हें सांगावयास नको. तळ्याचें तुडूम केव्हां उघडावयाचें, कोणत्या बांधींत किती पाणी सोडावयाचें आणि तें केव्हां थांबवावयाचें, हें सारें त्याच्या हातीं असतें. तो आपल्या जागीं दक्ष असला म्हणजे शेवटच्या बांधींतील पीकहि हिरवें राहतें.

आतां अशी कल्पना करा कीं, पाटाची कड एके ठिकाणीं फुटली. पाणकरानें हातांतील काम टाकून, चिखल आणून ती भेग बुजविली, तर त्यानें योग्य तेंच केलें. परंतु भेग बुजल्यावरहि तो आपल्या जागीं परतला नाहीं आणि पाटाच्या आंतल्या अंगास चिखलाचे थरावर थर चढवीतच राहिला, तर काय होईल? पाट अरुंद होईल, पाण्याला वाट मिळणार नाहीं, आणि दुरुस्तीच संकट होऊन बसेल. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत असेच कोट्यवधि पाणकर राहतात. आरोग्यांत ते काय करतात, रोगांत आपला धंदा कसा बदलतात, आणि तो बदल आपणांस वेळींच कसा ओळखतां येईल, हें आज सांगावयाचें आहे.

हा विषय घेण्यास एक कारण घडलें, तें प्रांजळपणें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. पावसाळ्यांत आणि थंडीच्या दिवसांत तो वारंवार गैरहजर राही. विचारलें तर हातपाय दुखतात, हें त्याचें ठरलेलें उत्तर. अंगावर ना सूज, ना जखम. म्हणून मीं त्यास आळशी ठरविलें आणि सर्व वर्गासमोर तसें बोलूनहि दाखविलें. पुढें त्याच्या रक्ताची परीक्षा झाली आणि त्यास सिकल सेल नांवाचा आनुवंशिक रोग असल्याचें निष्पन्न झालें. जें मला दिसत नव्हतें, तें त्याच्या रक्तवाहिन्यांत चाललें होतें. त्या मुलाकडे मी लेखाच्या शेवटीं पुन्हां येईन. कारण त्याचें दुखणें समजण्यास प्रथम निरोगी रक्तवाहिनी समजली पाहिजे.

हृदयापासून रक्त दूर नेणाऱ्या वाहिनीस धमनी म्हणतात. धमनी आडवी कापून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिली, तर तिच्या भिंतीचे तीन थर दिसतात. सर्वांत आंतला थर म्हणजे पेशींच्या एकाच पदराचें नाजूक अस्तर. रक्ताचा स्पर्श होतो तो ह्यालाच. मधला थर स्नायुपेशींचा आणि लवचिक तंतूंचा. बाहेरचा थर चिवट तंतूंचा असून तो वाहिनीला आधार देतो. केसाहूनहि बारीक अशा केशवाहिन्यांना मात्र हा मधला स्नायूचा थर नसतो.

आपला पाणकर म्हणजे ह्या मधल्या थरांतील स्नायुपेशी. तिचा आकार सूत कातण्याच्या चातीसारखा, मध्यें फुगीर आणि दोन्ही टोकांस निमुळता असतो. दंडाचा स्नायु आपल्या इच्छेप्रमाणें हालतो. हा स्नायु आपली आज्ञा ऐकत नाहीं. बैलगाडीच्या चाकाभोंवतीं लोखंडी धाव बसवितात, तशा ह्या पेशी पोकळीभोंवतीं वेढा देऊन बसलेल्या असतात. त्या आकुंचन पावल्या कीं वाहिनी अरुंद होते. सैल झाल्या कीं रुंद होते. तुम्ही मैदानांत धांवतां तेव्हां पायांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या वाहिन्या सैल होतात. जेवण झाल्यावर आंतड्यांकडे अधिक रक्त सोडलें जातें. पौषांतील पहाटेस हात गार पडतात, कारण उष्णता राखण्यासाठीं त्वचेच्या वाहिन्या आकुंचित होतात. हीं सर्व पाणकराचीं कामें होत.

हें काम किती परिणामकारक आहे हें गणितावरून कळेल. एकोणिसाव्या शतकांत प्वाझय नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें अरुंद नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाचें मोजमाप केलें. त्याच्या नियमाप्रमाणें नळीची त्रिज्या निम्मी केली आणि दाब तेवढाच ठेवला, तर प्रवाह निम्मा होत नाहीं. तो सोळाव्या हिश्शावर येतो. रक्त हा साध्या पाण्यासारखा द्रव नव्हे, तरी तत्त्व तेंच. वाहिनी थोडीशी अरुंद झाली तरी प्रवाहांत मोठा फरक पडतो. आणि तेवढेंच रक्त पुढें ढकलावयाचें तर हृदयाला दाब फार वाढवावा लागतो.

पाणकराला निरोप कोण देतो? कांहीं निरोप मज्जातंतूंकडून येतात, कांहीं रक्तांतील द्रव्यांकडून. परंतु सर्वांत जवळचा निरोप्या म्हणजे आंतलें नाजूक अस्तर, ही गोष्ट 1980 सालीं उघडकीस आली. अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें रॉबर्ट फर्चगॉट हे सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत होते. ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य लावलें असतां कांहीं पट्ट्या सैल होत, कांहीं होत नसत. बारकाईनें पाहतां असें आढळलें कीं, ज्या पट्टीचें अस्तर हाताळतांना खरवडून निघालें होतें ती सैल होत नव्हती. म्हणजे स्नायूला सैल करणारी वस्तु अस्तरांतून येत होती. ती वस्तु नायट्रिक ऑक्साइड नांवाचा साधा वायु आहे, असें पुढें सिद्ध झालें. ह्या शोधांबद्दल फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरिड मुराड ह्या तिघांस 1998 सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हा वायु रक्तवाहिनींत कांहीं क्षणच टिकतो. म्हणून अस्तराला तो सतत निर्माण करावा लागतो. तो स्नायुपेशीला केवळ सैल करीत नाहीं, तर तिच्या अवाजवी वाढीलाहि आळा घालतो. अस्तर निरोगी, तर पाणकर आपल्या जागीं शांत, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. शरीरांतील पुष्कळशा पेशी एकदां ज्या कामासाठीं घडल्या त्या कामांतच जन्म घालवितात. रक्तवाहिनीची स्नायुपेशी तशी नाहीं. गरज पडल्यास ती आपला धंदा बदलूं शकते. निरोगी स्थितींत तिचें शरीर आकुंचन घडविणाऱ्या तंतूंनीं भरलेलें असतें आणि तिचें विभाजन क्वचितच होतें. भिंतीस इजा झाली म्हणजे रक्तांतील बिंबिका आणि जखमी पेशी कांहीं वाढ घडविणारीं द्रव्यें सोडतात. त्यांचा निरोप पोंचतांच स्नायुपेशी आपले आकुंचनाचे तंतु कमी करते, नवे पदार्थ तयार करण्याची सामग्री वाढविते, विभागून आपली संख्या वाढविते, आपल्या थरांतून सरकत आंतल्या थराकडे जाते आणि तेथें चिवट तंतूंचा गिलावा घालते. पाणकराचा गवंडी होतो, तो असा. इजा भरून आल्यावर ह्यांतील बऱ्याच पेशी पुन्हां पूर्वस्थितीस येऊं शकतात. निसर्गाची ही योजना जीव वाचविणारी आहे. ती नसती तर जखमी धमनी सांधलीच गेली नसती.

अनर्थ होतो तो इजा कधींच थांबत नाहीं तेव्हां. अशा न थांबणाऱ्या इजांपैकीं तिघींचा विचार करूं.

पहिली इजा वाढलेल्या रक्तदाबाची. मिनिटास 72 ठोके धरले तर हृदय दिवसाला 1,03,680 वेळां धमन्यांवर आघात करतें. दाब योग्य असेल तर भिंत तो सहज सोसते. तो सदैव 140 व 90 च्या वर राहूं लागला, म्हणजे भिंत स्वतःला त्याप्रमाणें बदलून घेते. मोठ्या धमन्यांत स्नायुपेशी फुगतात, चिवट तंतु वाढतात आणि लवचिकपणा कमी होतो. बारीक धमन्यांत बहुधा त्याच पेशी पूर्वीपेक्षां लहान पोकळीभोंवतीं नव्यानें रचल्या जातात. पोकळी लहान, म्हणून दाब अधिक. दाब अधिक, म्हणून भिंत आणखी जाड. असें हें दुष्टचक्र आहे. ह्या सर्व काळांत मनुष्याला बहुधा कांहींहि दुखत नाहीं, हीच त्यांतील सर्वांत फसवी गोष्ट. "मला कांहीं होत नाहीं" म्हणून गोळी सोडून देणारे वडीलधारे आपण सर्वांनीं पाहिले आहेत. आणि त्यांपैकीं एखाद्यास एके सकाळीं अर्धांगवायूनें गांठलेलेंहि पाहिलें आहे.

ह्या रोगाच्या इतिहासांत आपल्या मुंबईचें नांव आदरानें घ्यावें लागतें. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या देशांतील वैद्यांच्या परिचयाची होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं तिच्या मुळापासून केलेल्या गोळ्या रक्तदाबाच्या रोग्यांस देऊन, दाब मोजून, त्याचा वृत्तांत 1949 सालीं ब्रिटिश हार्ट जर्नल ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्यामुळें जगाचें लक्ष ह्या मुळीकडे वेधलें. 1952 सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतील रेसरपीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि 1957 सालीं डॉ. वकील यांस अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. हें द्रव्य, स्नायुपेशीला आकुंचनाचा निरोप देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांतील सांठा रिकामा करतें. निरोप क्षीण झाला म्हणजे पेशी सैल पडते. आज ह्याहून सोयीचीं औषधें निघालीं आहेत. त्यांपैकीं कांहीं स्नायुपेशींत शिरणाऱ्या कॅल्शियमची वाट अडवून तिला सरळच सैल करतात. म्हणून रानांतून सर्पगंधेचीं मुळें आणून स्वतःवर प्रयोग करण्याचा मोह कोणी धरूं नये. परंतु मोजून पाहावें, नोंद ठेवावी आणि मग बोलावें, हा डॉ. वकील यांचा धडा कधींच जुना होणार नाहीं. दाब औषधांनीं दीर्घकाळ आटोक्यांत ठेवल्यास बारीक धमन्यांच्या भिंतींतील बिघाड कांहीं अंशीं मागें फिरतो, असें दिसून आलें आहे. म्हणजे पाणकराला परत बोलावतां येतें. मात्र हांक रोज मारावी लागते.

दुसरी इजा धूर आणि मेद यांची. आपल्या जंगलांतील तेंदूपत्ता गोळा करून अनेक कष्टाळू घरें उन्हाळ्यांत चार पैसे मिळवितात. त्यांच्या कष्टाला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. पण त्या पानांत गुंडाळलेली तंबाखू पेटली कीं तिचा धूर छातींतून रक्तांत उतरतो आणि धमनीच्या अस्तराला जखडतो. अस्तर आपला वायु पुरेसा सोडीनासें होतें. अशा दुबळ्या अस्तराखालीं रक्तांतील मेद सांठूं लागतो, तो खाण्यासाठीं पांढऱ्या पेशी येतात, आणि मागोमाग स्नायुपेशी सरकत येतात. सिॲटल येथील रसेल रॉस आणि जॉन ग्लॉमसेट यांनीं ह्या विकारांत स्नायुपेशींचा वाटा किती मोठा आहे हें 1973 सालीं मांडलें. पुढें पेशींवर खूण करून त्यांचा माग काढण्याची युक्ति साधली, तेव्हां आणखी एक आश्चर्य कळलें. पांढऱ्या पेशींसारख्या दिसणाऱ्या मेदानें भरलेल्या कित्येक पेशी मूळच्या स्नायुपेशीच होत्या. त्यांचें रूप इतकें पालटलें होतें कीं, त्या ओळखूं येत नव्हत्या. कांहीं स्नायुपेशी तर हाडाच्या पेशींचें वळण घेऊन भिंतींत चुना सांठवितात.

येथें एक सूक्ष्म गोष्ट लक्षांत ठेवावी. ह्या स्नायुपेशी सर्वस्वीं शत्रु नव्हेत. मेदाच्या सांठ्यावर त्या चिवट तंतूंचें झांकण घालतात आणि तें झांकण असतें तोंवर आंतला सांठा रक्तांत फुटत नाहीं. झांकण पातळ होऊन फाटलें, म्हणजे त्यावर रक्ताची गुठळी जमते. ती हृदयाच्या धमनींत जमली तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूच्या धमनींत जमली तर अर्धांगवायु. त्याचें उलट टोकहि पाहा. 1977 सालीं आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनीं झुरिक येथें अरुंद झालेली हृदयाची धमनी बारीक फुग्यानें रुंद करण्याची क्रिया प्रथम केली. मागाहून असें दिसलें कीं, फुग्याच्या इजेमुळें स्नायुपेशी वाढून कित्येक धमन्या पुन्हां अरुंद होतात. म्हणून पुढें धमनींत बसविण्याच्या जाळीवर पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप देऊं लागले. असें एक औषध सुरेंद्रनाथ सेहगल ह्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या परिश्रमांतून जगापुढें आलें. गवंडी फार थोडे असले तरी संकट, फार झाले तरी संकट. भिंत मुळांत सुरक्षित ठेवणें हाच उत्तम उपाय.

तिसरी इजा सिकल सेलची. आणि येथें मी माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतों. हा रोग आपल्या गोंदिया जिल्ह्यांत आणि विदर्भाच्या इतरहि भागांत आढळतो. 1958 सालीं नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी ह्या डॉक्टरांनीं मध्य भारतांतील सिकल सेलविषयीं लॅन्सेट ह्या नियतकालिकांत लिहिलें. ह्या रोगांत हिमोग्लोबिनच्या लांब सांखळींतील एकच दुवा बदललेला असतो. तेवढ्यानें, प्राणवायु कमी झाला म्हणजे तांबडी पेशी गोल न राहतां विळ्यासारखी वांकडी होते. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागास रक्त मिळत नाहीं आणि असह्य वेदना होतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणें आणि अति श्रम यांनीं हें दुखणें बळावतें. माझा विद्यार्थी थंडीपावसांतच कां गैरहजर राही, ह्याचा उलगडा येथें झाला.

परंतु एवढ्यानें गोष्ट संपत नाहीं. निरोगी तांबडी पेशी सुमारें 120 दिवस जगते. विळ्यासारखी पेशी पुष्कळ लवकर फुटते आणि तिच्यांतील हिमोग्लोबिन रक्तद्रवांत मोकळें होतें. हें मोकळें हिमोग्लोबिन अस्तरानें सोडलेला नायट्रिक ऑक्साइड वाटेंतच गिळून टाकतें. पाणकरासाठीं निघालेला निरोप्या दारांतच पकडला जातो. स्नायुपेशी सैल होत नाहीं. आणि वर्षानुवर्षें हें चाललें तर कांहीं रोग्यांच्या फुप्फुसांतील धमन्यांचा स्नायुथर जाड होतो, तसेंच मेंदूच्या तळाशीं असलेल्या मोठ्या धमन्यांची आंतली बाजू वाढून वाट अरुंद होते. ह्यामुळें लहान मुलांसहि अर्धांगवायु होऊं शकतो. मात्र ध्वनिलहरींच्या साहाय्यानें डोक्याच्या बाहेरून हें अरुंदपण ओळखतां येतें, आणि अशा मुलांस नियमित रक्त दिल्यास धोका फार कमी होतो, हें 1998 सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें. हायड्रॉक्सियुरिया हें औषध वेदनांचे झटके कमी करतें. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं नियमानें घ्यावें लागतें.

सिकल सेल हा संसर्गानें होत नाहीं. शेजारीं बसल्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें तो लागत नाहीं. तो कोणाच्या पापाचें किंवा जातीचें फळ नव्हे. ज्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या हिवताप होता, तेथें ह्या दोषाच्या वाहकांस हिवतापापासून कांहीं संरक्षण मिळे. म्हणून तो टिकून राहिला. वाहक बहुधा निरोगीच असतो. आईबाप दोघेहि वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून विवाहापूर्वीं दोघांनीं रक्त तपासून घेणें ह्यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं. 2023 सालीं केंद्र सरकारनें ह्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून ही तपासणी सरकारी आरोग्य संस्थांत होते.

विद्यार्थिमित्रहो, ह्या सर्व विवेचनाचें सार एवढेंच कीं, रक्तवाहिनीच्या भिंतींतील बदल मुकाट्यानें होतो आणि वेदना फार उशिरां बोलते. तुमच्या घरच्या वडील मंडळींचा रक्तदाब वर्षांतून एकदां तरी मोजला जातो कीं नाहीं, हें पाहा. गोळी चालू असेल तर ती बंद कां झाली, हें प्रेमानें विचारा. बिडीचा पहिला झुरका पुढें करणाऱ्या मित्रास नम्रपणें नकार द्या. ज्यांची सिकल सेलची तपासणी झालेली नाहीं, त्यांनीं ती करून घ्या.

आणि वर्गांत शेजारचा मुलगा हातपाय दुखतात म्हणून बसून राहिला, तर त्याला हंसूं नका. त्याला पाणी द्या, ऊब द्या, आणि शिक्षकांस सांगा. तो शिक्षक मीच असलों, तर मला हा लेख दाखवा.